एकच अलार्म, तीन कारणं

भाजलेल्या माणसाचा व्हेंटिलेटर सांभाळणं हे न्यूमोनियाच्या रुग्णाचा सांभाळण्यापेक्षा वेगळं असतं, हे मी वाचलेलं होतं. ते हाताला कळलं या रुग्णामुळे. सत्तावीस दिवस तो यंत्रावर होता. तेवढ्या काळात हाय प्रेशरचा, म्हणजे हवा आत ढकलायला जास्त दाब लागतोय असं सांगणारा, अलार्म शेकडो वेळा वाजला असेल, कधी तो खोकला म्हणून, कधी नळी दुमडली म्हणून. पण तीन वेळा त्या अलार्मने जिवावरचं काहीतरी सांगितलं आणि तिन्ही वेळा कारण वेगळ्या जागी निघालं. त्यांतल्या एका वेळी मी चुकीच्या जागी पाहत बसले होते. ती चूक लिहून ठेवायला हवी असं वाटत राहिलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. रुग्णाची ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

अडतीस वर्षांचा माणूस, वडापावची गाडी चालवणारा. गाडीमागच्या गाळ्यात शटर ओढून झोपायचा. हिवाळ्यातली पहाट, साधारण सव्वाचार. सिलिंडर गळत होता, याने उठून दिवा लावला आणि भडका उडाला. गाळ्यात फोमची गादी, प्लॅस्टिकचे क्रेट, तेलाचे डबे. शेजाऱ्यांनी शटर वर करेपर्यंत काही मिनिटं गेली. कुणीतरी गोधडीत गुंडाळलं, पाणी ओतलं. ग्रामीण रुग्णालयात सलाईन लागलं, नाकात ऑक्सिजनची नळी बसली, आणि १०८ ने तो आमच्याकडे आला तेव्हा सव्वासात वाजले होते.

आल्यावर तो बोलत होता. भाजलेला रुग्ण बोलतो आहे हे पाहून नातेवाइकांना हायसं वाटतं, आणि आमच्या पोटात गोळा येतो तो तिथेच. आवाज घोगरा होता. नाकातले केस जळलेले, जिभेवर काजळी, थुंकी काळी. डोकं दुखतं म्हणत होता आणि मधेच असंबद्ध बोलत होता. बोटावरचा ऑक्सिमीटर ९८ दाखवत होता. तो आकडा इथे फसवा असतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक साध्या ऑक्सिमीटरला कळत नाही, दोन्ही तो 'भरलेलं' म्हणूनच मोजतो. रक्तातल्या वायूंच्या तपासणीत (एबीजी) कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन, २२ टक्के निघालं, तेही घटनेनंतर तीन तासांनी. साध्या हवेत हे प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शंभर टक्के ऑक्सिजनवर तासा-सव्वातासात येतं. म्हणजे पहाटे ते बरंच वर असणार. लॅक्टेट, म्हणजे पेशींना ऑक्सिजन पुरत नसल्याची खूण, ६.१ होतं. फोम जळताना निघणाऱ्या सायनाइडचा विचार मनात होता. त्यावरचं हायड्रॉक्सोकोबालामिन आमच्याकडे नव्हतं. ऑक्सिजन आणि सलाईनवर लॅक्टेट दुपारपर्यंत ३ च्या खाली आलं, म्हणून तो प्रश्न मागे पडला.

भाजलेलं क्षेत्र ४२ टक्के: चेहरा आणि मानेचा पुढचा भाग, छाती-पोटाची पुढची बाजू, दोन्ही हात, पाठीचा वरचा भाग आणि कुशी. छातीवरची भाजणूक सर्वांत खोल. कातडी पांढरट-तपकिरी, कोरडी, सुई टोचली तरी दुखत नव्हती. ती काखेच्या रेषेपर्यंत दोन्ही बाजूंना गेलेली. हे शेवटचं वाक्य मी त्या सकाळी केसपेपरवर लिहिलं, आणि त्याचा अर्थ संध्याकाळच्या आत समोर येणार होता.

बो या फ्रेंच डॉक्टरच्या नावाने मृत्यूच्या धोक्याचा एक साधा हिशेब आहे. वय अधिक भाजलेली टक्केवारी. धूर आत गेला असेल तर, नंतरच्या सुधारणेनुसार, त्यात आणखी १७ मिळवायचे, कारण धुराने भाजलेली श्वासनळी ही सतरा वर्षांनी म्हातारं होण्याइतकी महाग पडते. ३८ अधिक ४२ अधिक १७, म्हणजे ९७. मूळ हिशेब १९६१ चा. तेव्हा शंभरीजवळचा आकडा म्हणजे आशा सोडायचा आकडा होता. आज तशी स्थिती नाही, चांगल्या बर्न्स युनिटमधून असे रुग्ण घरी जातात. मात्र ते सतरा गुण कमी झालेले नाहीत. धुराची इजा किती घातक असते हे जगाला मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा दिसलं ते २८ नोव्हेंबर १९४२ ला, बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबच्या आगीत. ४९२ माणसं गेली, आणि त्यांतल्या अनेकांची कातडी मरण येण्याइतकी भाजलेलीच नव्हती.

ट्यूब आणि जबाब

श्वासनळीत ट्यूब लगेच टाकायची हा निर्णय वैद्यकीयदृष्ट्या अवघड नव्हता. भाजल्यावर घशाची सूज पहिल्या बारा ते चोवीस तासांत वाढत जाते, सलाईन सुरू झालं की आणखी. आत्ता जो घसा दिसतो तो चार तासांनी दिसणार नाही. अडचण दुसरीच होती. जळालेला रुग्ण म्हणजे पोलीस केस, आणि दारात हवालदार उभे होते. "मॅडम, नायब तहसीलदारसाहेब निघालेत. अर्ध्या तासात जबाब होईल, तोवर नळी नका टाकू." त्यांचंही चूक नव्हतं. ट्यूब टाकली की बोलणं संपलं, आणि तो पुन्हा बोलेल याची खात्री कुणी द्यायची? मी थांबले नाही. ऑक्सिजनचा मास्क लावून, औषधं भरली जात असताना, सिस्टर आणि हवालदार यांच्या समोर रुग्णाला विचारलं आणि तो म्हणाला तसं लिहून घेतलं: "गॅसचा वास आला, लाईट लावली, भडका उडाला. कुणी काय केलं नाही." वेळ आणि शुद्धीची स्थिती नोंदवली, सह्या झाल्या. अशा वेळी डॉक्टरने जबाब लिहून घेता येतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक निवासी डॉक्टरला माहीत असायला हवं. त्या अर्ध्या तासापायी श्वासमार्ग बंद झालेले रुग्ण मी पाहिले आहेत.

केटामिन आणि सक्सिनिलकोलीन देऊन, व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने, ८ नंबरची ट्यूब गेली. स्वरयंत्राभोवतीचा भाग फुगलेला आणि काजळीने माखलेला. सक्सिनिलकोलीन पहिल्या चोवीस तासांत चालतं. त्यानंतर भाजलेल्या रुग्णात ते पोटॅशियम एकदम चढवून हृदय थांबवू शकतं, त्यामुळे याच्या खाटेवर दुसऱ्या दिवसापासून तशी पाटीच लावली. ट्यूब मुद्दाम मोठी निवडली, कारण पुढे तिच्यातून ब्रॉन्कोस्कोप (श्वासनळी आतून पाहायची दूरबीण) घालावा लागणार होता. ट्यूबचा बाहेरचा भाग कापला नाही. भाजलेल्या गालावर चिकटपट्टी टिकत नाही म्हणून ती सुती फितीने बांधली. आणि खूण ओठांपाशी न घेता दातांपाशी घेतली: २३ सेंमी. दुसऱ्या दिवशी त्याचे ओठ इतके सुजले की ओठांवरची खूण दीड-दोन सेंमी सरकल्यासारखी दिसत होती, दातांपाशी मात्र ट्यूब होती तिथेच होती.

उंची १६८ सेंमी. उंचीवरून काढलेलं अपेक्षित वजन ६४ किलो, म्हणून टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासाची हवा, किलोमागे ६ मिलि, म्हणजे ३८५. श्वास मिनिटाला २०, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) ६. कार्बॉक्सीहिमोग्लोबिन उतरेपर्यंत ऑक्सिजन शंभर टक्के, मग तो निम्म्यावर आणला. पार्कलंडच्या सूत्राने पहिल्या चोवीस तासांचं रिंगर लॅक्टेट (एक प्रकारचं सलाईन) ४ गुणिले ६८ किलो गुणिले ४२, म्हणजे सुमारे ११.४ लिटर. निम्मं पहिल्या आठ तासांत, आणि ते आठ तास भाजल्या वेळेपासून मोजायचे, दवाखान्यात पोहोचल्यापासून नव्हे. सूत्र सुरुवात करून देतं, पुढचं लघवी सांगते. ताशी ३० ते ५० मिलि लघवी राखायला आम्हाला पहिल्या दिवशी साडेचौदा लिटर द्यावे लागले. धूर गेलेल्यांना जास्त लागतंच. तरी या साडेचौदा लिटरांचा हिशेब पाचव्या दिवशी चुकता करावा लागला.

बाहेर त्याची बायको आणि मोठा भाऊ होते. भावाने विचारलं, "मशीनवर घेतलं म्हणजे आता काही उरलं नाही, असंच ना?" आपल्याकडे हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घर विचारतं. मी त्यांना म्हटलं, दादा, सूज उतरेपर्यंत श्वासाची वाट उघडी राहावी म्हणून नळी टाकली आहे. फुप्फुसांचं काय ते दोन-तीन दिवसांत कळेल, आणि ते वाईट असलं तरी लपवणार नाही. बायको काही बोलली नाही. त्याचा मोबाइल हातात धरून बसली होती.

पहिला: छातीची कातडी

दुपारी दीडच्या सुमाराला, भाजून नऊ तास झाले असताना, अलार्म सतत वाजू लागला. पीक प्रेशर सकाळी २४ होतं ते ४१, आणि श्वास रोखून मोजलेलं प्लाटो १८ वरून ३४. हे दोन आकडे वेगवेगळे का पाहायचे ते थोडं थांबून सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. पीक म्हणजे हवा नळ्यांतून ढकलताना लागणारा दाब, त्यात नळ्यांचा अडथळा आणि फुप्फुसाचा ताठरपणा दोन्ही आले. प्लाटो म्हणजे हवा थांबल्यावर उरलेला दाब, तो फक्त ताठरपणाचा. दोन्ही बरोबरीने वाढले तर नळी मोकळी आहे आणि काहीतरी फुलत नाही. पीक एकटंच वाढलं तर वाटेत अडथळा आहे.

इथे दोन्ही वाढले होते. ट्यूब दातांपाशी २३ वरच. दोन्ही बाजूंना हवा सारखी. सोनोग्राफीत फुप्फुस दोन्हीकडे सरकताना दिसत होतं, म्हणजे न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर हवा साचणं) नाही. एक्सरे स्वच्छ, ऑक्सिजन चांगला. मग कोण फुलत नव्हतं? हात छातीवर ठेवला तर उत्तर तिथे होतं. कातडी वाळलेल्या चामड्यासारखी ताणलेली, श्वासाबरोबर हलतच नव्हती. खोल जळालेली कातडी आक्रसते, खाली सलाईनची सूज साचते, आणि बरगड्यांना पिंजऱ्यात ठेवल्यासारखं होतं. सूज वाढेल तसा हा वेढा आवळत जातो. फुप्फुस अजून धडधाकट होतं.

अशा वेळी व्हेंटिलेटरवर काही करण्यासारखं नसतं. प्लास्टिक सर्जन आले आणि खाटेवरच एस्करॉटॉमी केली: दोन्ही बाजूंना काखेच्या पुढच्या रेषेवर, गळ्याच्या हाडाखालून बरगड्यांच्या कडेपर्यंत उभे छेद, आणि खाली बरगड्यांच्या कडेने ते जोडणारा आडवा. मेलेल्या कातडीतून छेद जातो म्हणून रक्त कमी येतं, पण कडांना जिवंत कातडी असते, त्यामुळे भूल आणि वेदनाशामक पूर्ण द्यावं लागतं. कात्री लावलेल्या घट्ट कपड्यासारख्या छेदाच्या कडा एकमेकींपासून दूर सरकल्या. दहा मिनिटांत प्लाटो २१. व्हेंटिलेटरचं एकही बटण तोवर कुणी फिरवलं नव्हतं.

दुसरा: श्वासनळीतलं झाड

ही माझी चूक.

दुसऱ्या रात्री, सेहेचाळीस तास झाले असताना, सॅचुरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ८६ वर आलं आणि अलार्म सुरू झाला. पीक ४८. एक्सरेत उजवा वरचा भाग पांढरा. माझ्या डोक्यात दिवसभर एकच शब्द फिरत होता, एआरडीएस (दोन्ही फुप्फुसं सुजून पाण्याने भरणं), कारण धुराच्या रुग्णात तो याच सुमाराला डोकं वर काढतो. मी ऑक्सिजन वाढवला, पीप ६ वरून १० केला, गुंगी वाढवली. प्लाटो मोजलं नाही. चाळीस मिनिटं गेली, सॅचुरेशन ८८ च्या वर येईना.

रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, संध्याकाळी कफ ओढायचं कॅथेटर सरळ आत जात होतं. आता ट्यूबच्या टोकापाशीच अडतंय. आणि सक्शनला काही येतच नाहीये." काळी थुंकी दिवसभर भरपूर येत होती आणि रात्री ती थांबली होती. नोंदीत मी ते 'स्राव कमी' असं वाचून सुधारणा समजले होते. तेव्हा प्लाटो मोजलं: २४. पीक ४८, प्लाटो २४. चोवीसचा फरक समोर लिहिलेला होता.

ब्रॉन्कोस्कोप घातला. ट्यूबच्या टोकाला आणि उजव्या मुख्य श्वासनलिकेच्या तोंडाशी करडं-काळं काहीतरी बसलं होतं. सलाईनने सैल करून चिमट्याने ओढलं, तर साडेतीन-चार सेंमीचा साचा बाहेर आला, फांद्या फुटलेल्या झाडासारखा, श्वासनलिकांचा हुबेहूब आकार घेतलेला. धुरातल्या रसायनांनी श्वासनळीचं अस्तर मरतं आणि सोलून निघतं. त्यात फुटलेल्या रक्तवाहिन्यांतून झिरपलेलं फायब्रिन (रक्त गोठवणारे धागे), कफ आणि पांढऱ्या पेशी मिसळतात आणि त्याचं असं गोठण होतं. अस्तरावरचे केस मेलेले, त्यामुळे ते वर ढकलायला कुणी नसतं, आणि गुंगीतल्या माणसाला खोकलाही नाही. सॅचुरेशन पाच मिनिटांत ९५.

त्या चाळीस मिनिटांत मी वाढवलेल्या पीपने त्याचं नुकसान झालं असेल का? डाव्या, मोकळ्या फुप्फुसावर जास्त ताण आला हे नक्की. दुसऱ्या दिवशी मी भावाला आणि बायकोला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सिस्टरना सांगा, मी त्यांना भेटणार आहे." आणि भेटली.

त्या दिवसापासून आम्ही नेब्युलायझरने हेपारिन ५००० युनिट आणि वीस टक्के एन-ॲसिटिलसिस्टीन आलटून पालटून सुरू केलं, आधी साल्ब्युटामॉल, सात दिवस. हेपारिन फायब्रिन बनू देत नाही, दुसरं औषध कफ पातळ करतं. ही पद्धत १९९८ मध्ये गॅल्व्हेस्टनच्या श्रायनर्स रुग्णालयातल्या मुलांवरच्या अनुभवातून पुढे आली. पुढे प्रौढांवरची एक नीट आखलेली चाचणी रुग्ण मिळत नाहीत म्हणून मोजक्या जणांनंतर थांबली. पुरावा कच्चा आहे, हे मान्य. तरी ते झाड हातात धरल्यावर मी थांबायला तयार नव्हते. एक व्यवहाराची गोष्ट: या नेब्युलायझेशनने व्हेंटिलेटरचा उच्छ्वासाकडचा फिल्टर चिकट होऊन बुजतो. तो वेळापत्रक लावून बदलला नाही, तर दाब वाढण्याचं चौथं कारण आपणच तयार करतो.

आणि खाटेवरचा कागद बदलला. दर दोन तासांनी पीक आणि प्लाटो दोन्ही लिहायचे, आणि कॅथेटर किती आत गेलं तेही.

तिसरा: फुप्फुस आणि पोट

पाचव्या दिवशी एआरडीएस खरोखर आला. एक्सरे दोन्हीकडे पांढरा, सत्तर टक्के ऑक्सिजनवर रक्तातला ऑक्सिजन ६६, म्हणजे ६६ भागिले ०.७, गुणोत्तर ९४. पीप १२ असताना प्लाटो ३१. बर्लिनच्या २०१२ च्या व्याख्येत हे 'गंभीर' मध्ये बसतं. ब्रॉन्कोस्कोपी पुन्हा केली, वाट मोकळी होती.

एआरडीएसमध्ये छोटा श्वास द्यायचा हे २००० साली अमेरिकेतल्या ८६१ रुग्णांच्या चाचणीने ठरवलं. किलोमागे १२ मिलिऐवजी ६ मिलि दिल्यावर मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. अडचण अशी, की भाजलेलं शरीर भट्टीसारखं जळत असतं. चयापचय दीडपट-दुप्पट, कार्बन डायऑक्साइड त्या प्रमाणात जास्त. छोट्या श्वासाने तो बाहेर काढायचा तर श्वासांची संख्या वाढवावी लागते. आम्ही मिनिटाला ३२ पर्यंत गेलो. तरी कार्बन डायऑक्साइड ६६ आणि पीएच (रक्ताची आम्लता दाखवणारा आकडा) ७.२२. संख्या आणखी वाढवली की श्वास सोडायला वेळ पुरेना, हवा आत अडकून राहू लागली. इथे काहीतरी सोडावं लागतं. आम्ही पीएच ७.२ पर्यंत चालवून घेतला आणि ३८५ मिलि सोडले नाहीत. सॅन अँटोनियोच्या लष्करी बर्न्स केंद्रात २०१० मध्ये ६२ रुग्णांवर छोट्या श्वासाची तुलना पर्कशन पद्धतीच्या, म्हणजे हवेचे वेगवान छोटे झटके देणाऱ्या, यंत्राशी झाली होती. छोट्या श्वासाच्या गटात ती पद्धत सोडून दुसरीकडे वळावं लागण्याची वेळ कितीतरी जास्त जणांवर आली. भाजलेल्यांना छोट्या श्वासाचा नियम घट्ट होतो, हे त्यातून दिसतं. ते यंत्र आमच्याकडे नाही. जे आहे त्याच्यावर काम करायचं होतं.

मग आम्ही पोटाकडे वळलो. ३१ च्या प्लाटोमधलं फुप्फुसाचं किती आणि बाहेरून दाबल्याचं किती? मूत्राशयाच्या नळीतून मोजलेला पोटातला दाब २२ निघाला. पहिल्या दिवसाचे साडेचौदा लिटर आणि त्यानंतरचं ते हेच: सुजलेली आतडी डायफ्रॅमला वर ढकलत होती. वीसच्या वर जाऊन एखादा अवयव नव्याने ढासळू लागला तर पोट उघडायची वेळ येते, आणि पोट उघडलेला, भाजलेला रुग्ण क्वचित वाचतो. लघवी अजून बरी होती. तेवढ्या आधारावर आम्ही छत्तीस तास मागून घेतले. नाकातून जठर रिकामं केलं, स्नायू सैल करणारं औषध सुरू केलं, रिंगर लॅक्टेट कमी करून अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड दिलं, पोटावरचं घट्ट ड्रेसिंग सैल केलं. दाब १५ वर आला. पीप तोच, प्लाटो ३१ वरून २७. त्या दाबातले चार पोटाचे होते.

ऑक्सिजन मात्र तसाच. आता उरलं होतं पालथं घालणं. २०१३ च्या प्रोसेव्हा चाचणीत ४६६ रुग्णांमध्ये दिवसाला सोळा तास पालथं ठेवल्याने २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ वर आले. पण छाती उघडी चिरलेली, चेहरा भाजलेला, दोन्ही हात ड्रेसिंगमध्ये, अशा माणसाला पालथं कसं घालायचं? प्लास्टिक सर्जन आधी नाहीच म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं: छातीवर दाब पडला तर जी कातडी वाचेल ती जाईल. दोन तास वाद झाला. शेवटी छाती आणि ओटीपोटाखाली जाड पॅड, पोट अधांतरी, कपाळ आणि हनुवटीला आधार, डोकं दर दोन तासांनी वळवायचं, आणि ड्रेसिंग पालथं घालण्याआधी पूर्ण बदलायचं असं ठरलं. डोक्याशी मी ट्यूब धरून. दोन सिस्टर, तीन मामा (वॉर्डबॉय), एक निवासी डॉक्टर. मोठ्याने तीन मोजून वळवलं. पहिल्या सोळा तासांनंतर पंचावन्न टक्के ऑक्सिजनवर ९८, गुणोत्तर १७८. असं तीन दिवस केलं. कपाळावर एक छोटी जखम झाली, तिचा व्रण अजून आहे.

पुढचं थोडक्यात. जळालेली कातडी अंगावर असेपर्यंत शरीराची आग थांबत नाही, म्हणून फुप्फुस जरा सावरताच छाती आणि मानेची मेलेली कातडी काढली. आयसीयूचाच व्हेंटिलेटर थिएटरमध्ये नेला, आणि नळी सोडवताना ट्यूबला क्लॅम्प लावला, नाहीतर फुललेलं फुप्फुस क्षणात मिटतं. मानेवर त्याचीच कातडी लावली. छातीला पुरेल एवढी त्याच्या अंगावर नव्हती, तिथे स्किन बँकेतून आणलेली लावली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कुणीतरी दिलेली, ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये जपलेली. आपल्याकडे शीव रुग्णालय आणि ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर अशा मोजक्या ठिकाणी ती मिळते, आणि मागणी नेहमीच साठ्यापेक्षा जास्त असते. डोळे देतात तशी कातडी देता येते हे अजून किती घरांना माहीत आहे? नवव्या दिवशी व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया झाला. भाजलेल्याला ताप आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी रोजच्याच, त्यामुळे तो ओळखायला ब्रॉन्कोस्कोपीतला नमुना लागला. चौदाव्या दिवशी, मानेवर लावलेली कातडी धरल्यावर, ट्रॅकिऑस्टॉमी, म्हणजे गळ्याला छेद देऊन थेट श्वासनळीत नळी.

यंत्र सुटायला मात्र अपेक्षेपेक्षा उशीर झाला, आणि कारण जेवणात सापडलं. जुन्या सूत्राने, किलोमागे २५ आणि भाजलेल्या प्रत्येक टक्क्याला ४० कॅलरी धरून, आम्ही दिवसाला जवळजवळ ३४०० कॅलरी देत होतो. त्यातलं जास्तीचं पिष्ट जळताना आणखी कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि अशक्त स्नायूंना तो बाहेर टाकावा लागतो. आधार कमी केला की तासाभरात त्याचा श्वास चाळीसवर जायचा. आम्ही त्याला स्नायूंची कमजोरी म्हणत होतो. आहारतज्ज्ञांनी कॅलरी २६०० वर आणल्या, प्रथिनं तेवढीच ठेवली, दोन ग्रॅम किलोमागे. चार दिवसांनी तो सकाळी सहा तास यंत्राविना राहिला. सत्ताविसाव्या दिवशी पूर्ण सुटला.

ट्रॅकिऑस्टॉमीची नळी चौतिसाव्या दिवशी निघाली. गळ्याच्या छिद्रावर बोट ठेवून पहिल्यांदा बोलला तेव्हा बायकोला म्हणाला, "शटर बंद केलंस का?" ती हसली आणि मग रडत राहिली. अठ्ठावन्नाव्या दिवशी घरी गेला. त्याआधी महात्मा फुले योजनेचे कागद भावाने चार वेळा चढ-उतार करून पूर्ण केले होते.

चौथ्या महिन्यात तो तपासायला आला. जिना चढताना श्वासाला बारीक शिट्टी येते, असं त्यानेच सांगितलं. दूरबिणीत स्वरयंत्राच्या खाली वाट साधारण एक-तृतीयांशाने अरुंद दिसली. धुराने पोळलेली श्वासनळी आणि त्यात इतके दिवस ट्यूब, दोन्ही मिळून असा व्रण धरतो. सध्या फुगवून रुंद करायची गरज नाही. आवाज घोगराच राहिला आहे. हात पूर्ण वर जात नाहीत, फिजिओथेरपी चालू आहे. गाडी त्याचा भाऊ चालवतो आणि हा बाजूला खुर्चीवर बसून पैसे घेतो. सिलिंडर आता गाळ्याबाहेर जाळीत असतो. दूरबिणीची पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची दिली आहे.